पाषाणयुगाचा खोका : जुन्या खेळसंचांच्या संग्रहाविषयी थोडेसे

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात मातीचा किल्ला उभारून त्यावर हळीव किंवा मोहरी पेरलेल्या, बुरुजांवर मातीचे मावळे आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज बसविलेल्या वाचकांना ‘प्लेसेट’ म्हणजे काय, हे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. एक स्थळ, त्या स्थळी वावरणारी माणसे, त्यांची वाहने, जनावरे, झाडे आणि या सर्वांतून मुलांनी आपल्या मनाने रचलेली गोष्ट, हे त्याचे स्वरूप. आपला किल्ला दरवर्षी नव्याने रचला जातो आणि दिवाळी सरली की मोडतो. अमेरिकेत मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास हीच कल्पना कारखान्यात शिरली आणि शंभराच्या आसपास सुटे भाग घेऊन पुठ्ठ्याच्या एका खोक्यातून घरोघरी जाऊ लागली. या वस्तूस प्रस्तुत लेखात आपण ‘खेळसंच’ म्हणू.

अशा खेळसंचांचे जुने नमुने जमविणारा एक मोठा संग्राहकवर्ग आज अमेरिकेत आहे. घोडेस्वारांचे किल्ले, रणभूमी, शेतवाडी, पेट्रोलपंप असे असंख्य विषय या संचांत हाताळले गेले. त्यांपैकी एकाच विषयाकडे येथे लक्ष वेधावयाचे आहे : ‘द फ्लिंटस्टोन्स’ या गाजलेल्या कार्टून मालिकेवर आधारित, लुई मार्क्स आणि कंपनीने १९६१ मध्ये बाजारात आणलेला संच आणि त्याची भावंडे. हा संच का जमवावा, कसा पारखावा, कसा जपावा आणि त्यात गुंतविलेल्या पैशाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, या चार प्रश्नांपैकी शेवटच्या प्रश्नावर प्रस्तुत लेखक थोडा अधिक रेंगाळला, तर वाचकांनी तो व्यवसायाचा परिणाम समजावा.

प्रथम मालिकेविषयी. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने एमजीएम या चित्रपटसंस्थेत ‘टॉम अँड जेरी’ घडविले. १९५७ मध्ये त्या संस्थेने आपला कार्टून विभाग बंद केला आणि या दोघांनी स्वतःची संस्था काढून दूरचित्रवाणीचा मार्ग धरला. ३० सप्टेंबर १९६० रोजी एबीसी वाहिनीवर ‘द फ्लिंटस्टोन्स’ सुरू झाली आणि १ एप्रिल १९६६ पर्यंत तिचे १६६ भाग प्रसारित झाले. रात्रीच्या मुख्य वेळेत दाखविली गेलेली ही अमेरिकेतील पहिली कार्टून मालिका. ती केवळ मुलांसाठी नव्हती, हे आज अनेकांना ठाऊक नसते. आरंभीच्या काळात तिचा प्रायोजक एक सिगारेट कंपनी होती, एवढे सांगितले तरी पुरे. कथानकाचा साचा ‘द हनिमूनर्स’ या १९५०च्या दशकातील विनोदी मालिकेशी जुळणारा होता : मोठ्या आवाजाचा, पण मनाने भाबडा असा फ्रेड, त्याची समंजस पत्नी विल्मा, शेजारी बार्नी आणि त्याची पत्नी बेटी. ही माणसे पाषाणयुगात राहतात, परंतु संसार मात्र १९६०च्या अमेरिकी उपनगरातला करतात. मोटार आहे, पण ती पायांनी पळवावयाची. खडीच्या खाणीत यारी आहे, पण ती डायनोसॉरच्या मानेची. भारतात १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क ही वाहिनी आली, तेव्हा हे कुटुंब आपल्याकडील घरांतही पोहोचले. त्यामुळे आज तिशी-चाळिशीत असलेल्या वाचकांना बेडरॉक या गावाची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही.

दूरचित्रवाणीसाठी चित्रपटाइतका पैसा मिळत नसे. म्हणून हॅना-बार्बेरा यांनी काटकसरीची एक पद्धती रूढ केली. पात्राचे धड तसेच ठेवून केवळ तोंड किंवा हात हलवावयाचा आणि पार्श्वभूमीचे तेच चित्र पुनःपुन्हा सरकवावयाचे. फ्रेड आपल्या घरातून धावत सुटला म्हणजे तीच खिडकी आणि तेच टेबल त्याच्या मागून चार-चार वेळा जाते, हे बारकाईने पाहणाऱ्यास दिसते. ही काटकसर येथे मुद्दाम सांगितली, कारण ज्या खेळणी कंपनीने या मालिकेचा संच काढला, तिचाही सगळा कारभार याच तत्त्वावर चालला होता.

मार्क्स आणि त्याचे साचे

लुई मार्क्स यांचा जन्म १८९६ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. फर्डिनांड स्ट्राउस या खेळणी उत्पादकाकडे उमेदवारी केल्यानंतर त्यांनी १९१९ मध्ये आपला भाऊ डेव्हिड याच्यासह स्वतःची कंपनी काढली. १९५०च्या दशकात ती जगातील सर्वांत मोठी खेळणी कंपनी गणली जात होती आणि १२ डिसेंबर १९५५ च्या अंकात ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले. पेन्सिल्व्हेनिया राज्यातील ईरी आणि जिरार्ड, तसेच वेस्ट व्हर्जिनियातील ग्लेन डेल येथे कंपनीचे मुख्य कारखाने होते. मार्क्स जाहिरातीवर जवळजवळ खर्च करीत नसत. सिअर्स, मॉन्टगोमेरी वॉर्ड यांसारख्या टपालाने माल पुरविणाऱ्या बड्या दुकानांना घाऊक माल द्यावयाचा, किंमत शक्य तितकी खाली ठेवावयाची आणि नाताळापूर्वी दुकानांची सूचीपत्रे घरोघरी गेली की जाहिरात आपोआप होते, असा त्यांचा हिशेब होता. (एक अवांतर माहिती : व्हिएतनाम युद्धासंबंधीची गुप्त कागदपत्रे १९७१ मध्ये उघड करून अमेरिकी सरकारला हादरा देणारे डॅनियल एल्सबर्ग हे याच मार्क्स यांचे जावई.)

किंमत खाली ठेवण्याची खरी किल्ली साच्यात होती. प्लॅस्टिकची आकृती काढण्यासाठी लागणारा पोलादी साचा अत्यंत महाग असतो. त्या मानाने प्लॅस्टिकचा कच्चा माल स्वस्त. म्हणजे पहिल्या नगाचा खर्च प्रचंड आणि दहा लाखाव्या नगाचा जवळजवळ नगण्य. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात स्थिर खर्चाचे जे उदाहरण असते, तेच हे. मार्क्स कंपनी एकदा केलेला साचा वर्षानुवर्षे राबवीत असे. शेतवाडीच्या संचातील कुंपण रानटी पश्चिमेच्या संचात जाई आणि एका संचातील झाडे, घोडे, सामानसुमान दुसऱ्या संचात नव्या रंगात अवतरे. डायनोसॉरच्या आकृत्या या कंपनीने १९५०च्या दशकाच्या मध्यापासूनच काढल्या होत्या. दोन काटकसरी घराण्यांची ही सोयरीक जुळावी, यात नवल नाही.

१९६१ च्या संचात फ्रेड, विल्मा, बार्नी आणि बेटी, बेडरॉकचे इतर नागरिक, दगडात कोरल्यासारखी दिसणारी प्लॅस्टिकची घरे, वाहने, झाडे आणि प्राणी होते. आकृत्या एकरंगी, न रंगविलेल्या. रंग भरण्याचे काम मुलांच्या कल्पनाशक्तीकडे सोपविलेले. याच सुमारास कंपनीने हॅना-बार्बेरांच्या पात्रांच्या अगदी चिमुकल्या, हाँगकाँगमध्ये हाताने रंगविलेल्या आकृत्याही काढल्या, त्यांना संग्राहक ‘टायनीकिन्स’ म्हणतात. डिस्नेच्या पात्रांच्या तशाच आकृत्या ‘डिस्नेकिन्स’ या नावाने विकल्या जात. त्यांखेरीज पत्र्याची चावीवर चालणारी खेळणीही होती. त्यांपैकी बरीच जपानमध्ये तयार होत आणि त्यांवर ‘लाइनमार’ हे मार्क्सच्या उपकंपनीचे नाव आढळते.

कंपनीचा शेवट मात्र उदास आहे. १९७२ मध्ये वृद्ध मार्क्स यांनी ती पाच कोटी डॉलरहून अधिक किमतीस क्वेकर ओट्स या धान्यपदार्थांच्या कंपनीस विकली. क्वेकरने १९७६ मध्ये ती सुमारे दीड कोटी डॉलरला डनबी-कॉम्बेक्स या ब्रिटिश समूहाच्या हवाली केली आणि १९८० मध्ये तो समूहही कोसळला. १९८२ मध्ये मार्क्स निवर्तले. साचे मात्र पोलादाचे. ते मरत नाहीत. ते विकले गेले, विखुरले आणि १९९०च्या दशकात त्यांपैकी अनेकांतून पुन्हा माल निघू लागला. आजच्या संग्राहकापुढील सर्वांत अवघड प्रश्न या घटनेतून जन्मास आला आहे.

अस्सल, पुनर्मुद्रित आणि नकली

ग्रंथांच्या बाबतीत पहिली आवृत्ती आणि पुनर्मुद्रण हा भेद आपल्या परिचयाचा आहे. खेळसंचांतही तो आहे, पण येथे पुनर्मुद्रणावर आवृत्तीचा उल्लेख नसतो. १९६१ चा साचा १९९१ मध्ये वापरला, तरी तळाशी कोरलेली अक्षरे तीच उमटतात. वर्तुळात ‘मार’ ही अक्षरे आणि त्यांवर मोठी फुली असलेले कंपनीचे चिन्ह आणि हॅना-बार्बेरांच्या स्वामित्वहक्काची ओळ पाहून ‘वस्तू जुनी आहे’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे ठरते. चिन्ह साच्याचे वय सांगते, नगाचे नव्हे.

मग नगाचे वय कशावरून ओळखावे? पहिला साक्षीदार रंग. जुन्या मालाच्या रंगछटा ठराविक असत आणि नव्याने काढलेला माल बहुधा त्यांच्याशी तंतोतंत जुळत नाही. अस्सल असल्याची खात्री झालेला एखादा साधा, स्वस्त नग जवळ बाळगावा आणि नवीन वस्तू त्याच्या शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात पाहावी. दुसरा साक्षीदार साच्याची झीज. साचा जितका जुना, तितकी त्याच्या दोन अर्ध्यांच्या सांध्यातून प्लॅस्टिकची पातळ कडा अधिक बाहेर येते आणि चेहऱ्यावरील रेषा बोथट होतात.

तिसरा प्रकार याहून वेगळा. यात मूळ साचा नसतोच. अस्सल आकृतीवरून नवा साचा उतरवून नकला काढल्या जातात. येथे पदार्थविज्ञान आपल्या मदतीस येते. पॉलिथिलीन थंड होताना दोन-तीन टक्क्यांनी आकसते. त्यामुळे अस्सल आकृतीवरून काढलेली नक्कल मूळ आकृतीहून किंचित लहानच निघते. साठ मिलिमीटर उंचीच्या आकृतीत हा फरक एक ते दोन मिलिमीटरचा असतो. नुसत्या डोळ्यांस तो जाणवणार नाही, पण साध्या व्हर्नियर मोजपट्टीस जाणवतो. सोन्याच्या दागिन्यावर कर्ज देताना आम्ही पारख करून घेतल्याशिवाय पुढे जात नाही. हा छंद जोपासणाऱ्यानेही दोनशे रुपयांच्या मोजपट्टीशिवाय पुढे जाऊ नये.

मालिकेचा इतिहासही पारख करण्यास उपयोगी पडतो. फ्रेड आणि विल्मा यांची कन्या पेबल्स हिचा जन्म पडद्यावर फेब्रुवारी १९६३ मध्ये झाला आणि शेजाऱ्यांचा बॅम-बॅम त्याच वर्षी पुढे आला. तेव्हा १९६१ चा ‘परिपूर्ण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संचात जर पेबल्स आढळली, तर कोणीतरी दोन वेगळ्या काळांतील वस्तू एकाच खोक्यात भरल्या आहेत, हे निश्चित समजावे. याच पेबल्सविषयी जोसेफ बार्बेरा यांनी पुढे एक गोष्ट सांगितली आहे. फ्रेडला मुलगा व्हावा अशी मूळ योजना होती. परंतु खेळण्यांच्या व्यवहारातील माणसाने मुलाच्या बाहुलीपेक्षा मुलीची बाहुली अधिक खपेल असे सुचविले आणि मुलगी झाली. आयडियल कंपनीने काढलेली पेबल्सची बाहुली खरोखरच चांगली खपली. कथेने खेळणे घडवावे ही रीत. येथे खेळण्याने कथेतील अपत्याचे लिंग ठरविले! विवाहसमयी ‘अष्टपुत्रा’ असा आशीर्वाद देणाऱ्या आपल्या समाजास ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

संच परिपूर्ण आहे किंवा नाही, हे ठरविणे सर्वांत कठीण. सूचीपत्रातील चित्र आणि खोक्यातील वस्तू यांत फरक असे. कारखान्यात एखादा भाग संपला, तर त्याजागी दुसरा घातला जाई आणि रंगही बदलत. यासाठी संग्राहकांनी चिकाटीचा एक मार्ग काढला. आजवर न उघडलेले, पिशव्यांच्या पिना शाबूत असलेले संच जेथे जेथे आढळले, तेथे तेथे त्यांतील प्रत्येक वस्तूची नोंद करावयाची आणि अशा नोंदी एकमेकींशी ताडून पाहावयाच्या. कंपनी बुडाली. तिच्याविषयीचे बरेचसे ज्ञान आज अशा हौशी लोकांच्या वह्यांत आहे. ऐतिहासिक कागदपत्रांच्या अनेक प्रती मिळवून अस्सल पाठ सिद्ध करण्याची जी पद्धती आपल्याकडील इतिहाससंशोधकांनी रुजविली, तिच्याशी या कामाचे साम्य पाहून आश्चर्य वाटते.

खोका हा तर स्वतंत्र विषय आहे. नाताळच्या सकाळी मुलांनी सर्वांत आधी फाडला तो खोकाच. त्यामुळे तोच सर्वांत दुर्मीळ आणि बहुधा आतील कित्येक वस्तूंपेक्षा अधिक किमतीचा. अर्थातच खोक्यांच्या नकलाही होतात. दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली जुन्या छपाईतील ठिपके सुबक वर्तुळाकार रचनेत दिसतात, तर आजच्या घरगुती छपाईयंत्रावर काढलेल्या चित्रातील ठिपके शिंतोड्यांसारखे विखुरलेले असतात.

जतन

येथे थोडक्यात सांगितले तरी भागेल. प्लॅस्टिक अमर आहे हा समज खोटा आहे. मऊ व्हिनाइलमध्ये त्यास लवचीक ठेवणारा जो तेलकट पदार्थ असतो, तो कालांतराने बाहेर पाझरतो आणि शेजारच्या कठीण प्लॅस्टिकला खातो. म्हणून निरनिराळ्या जातींच्या वस्तू एकमेकींना चिकटून ठेवू नयेत. पिशव्या पॉलिथिलीनच्या असाव्यात, पीव्हीसीच्या नसाव्यात. रबराचे बंध, चिकटपट्टी आणि वर्तमानपत्राचा कागद हे तिन्ही वर्ज्य. धुण्यासाठी कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. थिनरचा मोह टाळावा. उन्हाने रंग उडतो आणि प्लॅस्टिक ठिसूळ होते. मुंबई, कोकण, गोवा किंवा कोलकाता येथील वाचकांनी पावसाळ्याची विशेष धास्ती बाळगावी. छापील पत्र्याच्या खेळण्यास एकदा गंज लागला की तो छपाईच्या खालून पसरतो आणि त्यावर उपाय नसतो. आर्द्रता शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि दर पावसाळ्यानंतर बदलाव्यात. बँकेचा लॉकर हा विचार कोणाच्या मनात आल्यास नम्रपणे सांगावेसे वाटते की, खेळसंचाचा खोका त्यात मावत नाही.

हिशेबाची बाजू

‘आजोबांनी पाच डॉलरला घेतलेले खेळणे नातवाने तीनशेला विकले’ अशा स्वरूपाच्या वार्ता अधूनमधून प्रसिद्ध होतात आणि त्यांवरून जुनी खेळणी म्हणजे उत्तम गुंतवणूक असा समज पसरतो. हा समज आकड्यांत तपासून पाहू. समजा, १९६१ मध्ये पाच डॉलरला घेतलेला संच २०२३ मध्ये तीनशे डॉलरला विकला गेला. साठपट! पण हा काळ बासष्ट वर्षांचा आहे. चक्रवाढीने मांडले तर हा दर वर्षाला सुमारे ६.८ टक्के पडतो. याच काळात अमेरिकेतील ग्राहक किमतींचा निर्देशांक सुमारे दहापट झाला, म्हणजे महागाईचा वार्षिक दर सुमारे ३.८ टक्के. खरी वाढ उरली तीन टक्क्यांच्या आतबाहेर. त्यातून लिलाव करणाऱ्याची दलाली, वेष्टन आणि टपालखर्च वजा करा. बासष्ट वर्षे घरातील एक कपाट अडवून ठेवल्याचे भाडे धरावयाचे की नाही, हे वाचकांनी ठरवावे.

शिवाय या उदाहरणात एक मोठी अट गृहीत आहे. तो संच कोणी खेळलेला नसावा. ज्या लक्षावधी मुलांनी फ्रेडला अंगणातील चिखलात पुरला, बार्नीचे डोके कुत्र्याला चघळू दिले, त्यांच्या संचांची आजची किंमत शून्य आहे आणि ते संच सरासरीत कोणी धरीत नाही. केवळ वाचलेल्या नगांचा भाव पाहून परतावा काढणे म्हणजे बंद पडलेल्या कंपन्या वगळून समभागांचा इतिहास लिहिणे होय. प्रस्तुत लेखकाच्या मते, पाच डॉलरचा सर्वोत्तम परतावा त्या चिखलात खेळलेल्या मुलांनाच मिळाला. पण तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

भाव कोणत्या दिशेने जातील, याचा विचार करताना आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. लहानपणी हातून निसटलेली वस्तू माणूस हाती पैसा आल्यावर परत मिळवू पाहतो. या बाजारातील मागणीचे मूळ येथे आहे. १९६१ मध्ये आठ वर्षांचे असलेले मूल आज सत्तरी ओलांडून गेले आहे. ही पिढी आता खरेदीकडून विक्रीकडे वळत आहे, आणि अनेकांच्या बाबतीत विक्री त्यांचे वारस करीत आहेत. मागणी घटणे आणि पुरवठा वाढणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या की काय होते, हे सांगावयास अर्थतज्ज्ञ नको. अतिशय उत्तम स्थितीतील, खोक्यासह असलेले नग टिकून राहतील. मध्यम प्रतीच्या सुट्या मालाविषयी मात्र फारशी आशा बाळगू नये. ग्लेन डेलजवळच्या माउंड्सव्हिल या गावी मार्क्सच्या खेळण्यांचे एक खासगी संग्रहालय २००१ पासून चालू होते, तेही २०१६ मध्ये बंद झाले. अर्थात नव्याने येणाऱ्या, प्रेमाने जमविणाऱ्या माणसास पडते भाव ही आनंदाचीच गोष्ट आहे.

वारसांचा उल्लेख वर आला, त्याविषयी दोन शब्द अधिक. खेळसंच असो, जुन्या आगपेट्यांची चित्रे असोत की सावंतवाडीची लाकडी खेळणी असोत, संग्राहकाच्या पश्चात त्याच्या कुटुंबीयांपुढे दोनच मार्ग दिसतात. एक रद्दीवाल्याचा आणि दुसरा पहिल्याच भेटीत ‘सगळे मिळून इतके देतो’ म्हणणाऱ्या व्यापाऱ्याचा. दोन्ही मार्ग अज्ञानातून जातात. मुदत ठेवीस नामनिर्देशन करणारे आपण या वस्तूंची साधी यादीही ठेवीत नाही. प्रत्येक नगास क्रमांक द्यावा. वहीत त्याचे वर्णन, खरेदीची तारीख, दिलेली रक्कम, तो अस्सल आहे की पुन्हा काढलेला, कोणता भाग उणा आहे, हे लिहावे. छायाचित्र आणि पावती जोडावी. क्रमांकाची चिठ्ठी वस्तूवर चिकटवू नये, पिशवीत टाकावी. संग्रहाचे मूल्य जाणणाऱ्या एक-दोन विश्वासू संग्राहकांची नावे त्याच वहीत असावीत आणि मृत्युपत्रात वहीचा उल्लेख असावा. घरगुती विम्यात अशा वस्तू आपोआप समाविष्ट होतात असे धरून चालू नये. विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. तेथेही प्रथम हीच वही मागितली जाईल. कर्जासाठी तारण म्हणून मात्र हा संग्रह आपल्याकडील बँका स्वीकारीत नाहीत, हे येथेच स्पष्ट केलेले बरे.

भारतात बसून हा छंद जोपासू इच्छिणाऱ्यांनी परदेशातून वस्तू मागविण्यापूर्वी आयातीचे नियम पाहावेत. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्रही अनिवार्य झाले. साठ वर्षांपूर्वी बंद झालेल्या मालास असे प्रमाणपत्र कोठून असणार! तसेच ‘अँटिक’ हा शब्द विक्रेते सैलपणे वापरतात. आपल्या कायद्यात पुरातन वस्तूसाठी सामान्यतः शंभर वर्षांची अट आहे आणि १९६१ चे खेळणे त्यात बसत नाही. म्हणून पैसे पाठविण्याआधी सीमाशुल्क कार्यालयाकडून किंवा माहीतगार दलालाकडून आपल्या वस्तूस कोणता नियम लागू होईल, हे लेखी जाणून घ्यावे. पार्सल बंदरात अडकले, तर दंडाबरोबर साठवणुकीचे भाडेही वाढत जाते.

आरंभ करणाऱ्याने संपूर्ण संचाच्या मागे न लागता चार मुख्य पात्रांच्या सुट्या आकृत्या मिळवाव्यात. त्या हाताळून प्लॅस्टिकचा पोत, रंग आणि वजन बोटांच्या परिचयाचे होतात आणि पुढे मोठी रक्कम देण्याची वेळ आली, तेव्हा हीच ओळख कामास येते. जागेची अडचण असणाऱ्यांस टायनीकिन्स अधिक सोयीच्या. बेडरॉकमधील सगळी मंडळी मिठाईच्या अर्ध्या किलोच्या रिकाम्या डब्यात सुखाने राहतात, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरील हाताने काढलेल्या रेषा प्रत्येक नगात थोड्या निराळ्या असल्याने कोणतेही दोन फ्रेड अगदी सारखे दिसत नाहीत.